सुभेदार ‘चलो’ म्हणायचे तेव्हा

दिल्लीत, आर. के. पुरममधल्या आमच्या सेक्टरात मराठी बायकांचे दोन गट होते. सुभेदारांनी स्कूटर शिकवली त्यांचा एक, आणि सुभेदारांनी हाकलून दिलं त्यांचा दुसरा. मी दोन्हींत मोडते, कारण मला त्यांनी आधी तीनदा हाकललं आणि मग शिकवलं. गेल्या वर्षी साताऱ्याकडे, त्यांच्या गावी, ते वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत उभी होते. भर गर्दीत रडले आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

लष्करात सुरुंग शोधून काढणाऱ्या तुकडीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. बायको गेल्यावर ते मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आमच्या समोरच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर, राहायला आले. रिकामं बसणं जमेना, म्हणून दर रविवारी सकाळी ओळखीच्या बायकांना आपल्या स्कूटरवर शिकवायला लागले. सगळ्या जणींना ते ‘जवान’ म्हणायचे, मग ती बावीस वर्षांची असो की बावन्न.

शिकवायला घेण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असायचा. “भीती वाटते का?” नाही म्हटलं की मुलाखत संपली. “मग घरी जा. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या मागे मी बसत नसतो.”

आता मी होते लष्करातल्या हवालदाराची मुलगी. आमचं बालपण या छावणीतून त्या छावणीत गेलं आणि भीती हा शब्द आमच्या घरात शिवीच्या रांगेत बसवलेला होता. “फौजी की बेटी डरती नहीं,” असं वडील शेजाऱ्यांना मुद्दाम हिंदीतून सांगायचे, म्हणजे ते ऑफिशियल व्हायचं. मी पडले तर रडायची नाही, दुखलं तर सांगायची नाही, आणि एखाद्या काकांच्या मांडीवर बसायला नको वाटलं तरी बसायची, कारण मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं. हे सगळं मला शौर्य वाटायचं. लग्न होऊन दिल्लीला आले, नोएडात भाषांतराच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मेट्रो स्टेशनपर्यंत जायला स्कूटर हवी झाली, तेव्हा मी छाती काढून सुभेदारांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, “नाही वाटत.” त्यांनी मला घरी पाठवलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

“अगं, वाटते म्हण ना यार,” नवरा म्हणाला. “कौन सा शपथपत्र आहे?”

चौथ्या रविवारी मी म्हणाले, “वाटते.”

“कशाची?”

मी स्कूटरकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “खोटं बोललीस. पण बोलताना घाबरलीस. चलो, तेवढ्यावर घेतो.”

मला वाटलं, आता स्कूटर मिळणार. पण पहिले चार रविवार मी स्कूटरला हातही लावला नाही. सेक्टरच्या फाटकाबाहेर, जिथे आतला रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे फुटपाथवर ते कॅनव्हासचं घडीचं स्टूल टाकून बसायचे आणि मी शेजारच्या कठड्यावर. ते डोक्यावरचं हेल्मेट काढत नसत. मी हसले तर म्हणाले, “दिल्लीतला फुटपाथ आहे हा. इथंही गाड्या येतात.” समोरून येणारा प्रत्येक माणूस काय करणार ते मला आधी सांगायला लागायचं.

“तो मोटरसायकलवाला?”

“सरळ जाईल. इंडिकेटर नाही दिला त्याने.”

तो सर्रकन डावीकडे वळायचा.

“इंडिकेटर कशाला बघतीस? दिल्लीत इंडिकेटर लग्नात लावायला असतात. मान बघ त्याची, खांदा बघ. आणि त्याच्याही आधी तुझ्या पोटात काय झालं ते बघ. रिपोर्ट दे.”

पोटाचा रिपोर्ट द्यायचा म्हणजे मला फार हसू यायचं. पण तिसऱ्या रविवारी एक गंमत झाली. एक पांढरी गाडी हळू येत होती, सरळ, शिस्तीत, आणि मी काही न बघता म्हणाले, “ही थांबणार.” ती थांबली, दार उघडलं आणि एक बाई उतरल्या. मला कसं कळलं ते आजही सांगता येणार नाही. सुभेदार एवढे खूश झाले की त्यांनी हेल्मेट काढून पुन्हा घातलं.

त्यांच्या सवयी सांगत बसले तर संध्याकाळ होईल. कुणाच्याही दारात ते एक श्वासभर थांबायचे. घरातल्या बाईला वाटायचं संकोच करतायत, ती “या ना, या ना” करत राहायची, आणि त्यांचा तो श्वास पुरा झाल्याशिवाय पाऊल आत पडत नसे. लाडू त्यांनी कधी वरून फोडला नाही. ताटली डोळ्यांजवळ धरून, बोट तिरकं करून, कडेकडेने उकरत आत जायचे. दिवाळीत माझा रव्याचा लाडू त्यांनी असा उकरायला घेतला तेव्हा मी म्हणाले, “सुभेदारसाहेब, आत काही नाही हो, बेदाणाच आहे.” ते म्हणाले, “तुला माहीत आहे. मला अजून कळायचंय.”

काळजी आणि भीती या दोन गोष्टी ते कधी एकत्र होऊ देत नसत. एखादी म्हणाली, “काका, मला बाई रात्रभर भीती वाटत होती, गाडी घसरली तर, कुणी ठोकलं तर,” की ते हात वर करायचे. “ही काळजी. ही घरी बसून बडबडते. तिला गप कर आणि झोप. भीती समोर काहीतरी असल्यावर बोलते, हळू बोलते, आणि एकदाच बोलते. तेवढ्यात ऐकायचं.”

आमच्या वरच्या मजल्यावर एक कॉलेजात जाणारी मुलगी होती. आईवडील सोलापूरचे, पण ती जन्मापासून दिल्लीची, त्यामुळे तिचं मराठी जेवण, झोप आणि भांडण एवढ्यापुरतंच. तीही शिकायला यायची. एकदा गाडी चालवत असताना मागून सुभेदार तिला म्हणाले, “मनात पाल चुकचुकली की लगेच ब्रेक.” त्यातलं मन तिने ऐकलं नाही, पाल मात्र ऐकली. चालत्या गाडीवर आपल्या आसपास पाल आहे असं समजून तिने करकचून ब्रेक दाबला, गाडी टाकली आणि “किधर है, किधर है” करत चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. सुभेदार गाडीसकट आडवे. गुडघा झटकत उठले आणि म्हणाले, “कारण चुकलं. ब्रेक बरोबर लावलास.” त्या दिवसापासून तिच्यापुरतं ते ‘छिपकली बोली क्या?’ असं विचारायला लागले.

चालवायला मी लवकर शिकले. अडकले ती परीक्षेला. परीक्षा एकच होती. आपण पुढे, सुभेदार मागे, आणि गाडी फाटकाशी, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभी. ते म्हणणार “चलो” आणि आपण निघायचं. यात नापास होण्यासारखं काय असावं ते मला कळत नव्हतं. पास झालेल्या बायकांना विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या.

पहिल्या वेळी ते म्हणाले, “चलो,” आणि मी निघाले. चाक एक फूट पुढे गेलं असेल नसेल, त्यांनी मागून हात लांबवून चावी फिरवली. गाडी जागच्या जागी बंद पडली आणि समोरून एक बस गेली. “फेल,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी.” दुसऱ्या वेळी तसंच झालं, फक्त बसच्या जागी टेम्पो होता. तिसऱ्या वेळी मी चिडले.

“तुम्हीच म्हणालात ना चलो?”

“म्हणालो.”

“मग?”

“पोट काय म्हणालं होतं?”

खरं सांगायचं तर पोट तिन्ही वेळा नको म्हणालं होतं. बस मला दिसली नव्हती, पण तिकडून काहीतरी येतंय असं वाटलं होतं. मी तसं सांगितलं.

“आणि ऐकलंस कुणाचं?”

“तुमचं. तुम्ही मोठे. तुम्हाला जास्त कळतं.”

यावर ते उतरले. गाडी कडेला घेतली, स्टूल उघडलं, पण बसले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलीलाही ठाऊक नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

“असंच मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “एक पट्टा साफ झालेला होता. साहेब म्हणाले, चलो. माझा पाय उचलेना. काय ते सांगता येत नव्हतं. मातीत काहीतरी होतं, किंवा नव्हतंही. पण साहेब शिकलेले, नकाशा त्यांच्या हातात. मी म्हटलं, त्यांना जास्त कळतं. उचलला पाय आणि गेलो. मला काही झालं नाही. माझ्या मागून येत होता त्याचा पाय गेला.”

त्यांनी उघडलेलं स्टूल पुन्हा मिटलं.

“साहेब वाईट नव्हते गं. मी थांबा म्हटलं असतं तर थांबले असते. मी म्हटलंच नाही.”

तो मागचा माणूस पानिपतचा. तिथे त्याचं हातमागाच्या चादरींचं दुकान आहे. सुभेदार दर वर्षी एकदा सकाळच्या गाडीने त्याच्याकडे जायचे आणि संध्याकाळी एक चादर घेऊन परत यायचे. निघताना शेजाऱ्यांना सांगायचे, “पानिपतला चाललो,” आणि कुणीतरी म्हातारी हमखास म्हणायची, अहो, असं काय बोलता सकाळी सकाळी. सगळे हसायचे. मीही त्याआधी हसलेली होते. आमच्या घरात त्यांनी दिलेल्या दोन चादरी आहेत, निळी आणि विटकरी. थंडीत मी निळीच घेते.

चौथ्या परीक्षेच्या दिवशी फाटकापाशी गाडी उभी केली. “चलो,” सुभेदार म्हणाले. उजवीकडे झाडाआड काय आहे ते दिसत नव्हतं आणि मला जावंसं वाटेना.

“नाही,” मी म्हणाले.

“चलो म्हणतो ना!” हा आवाज परेडचा होता. माझ्या वडिलांचा आवाज असाच होता आणि त्या आवाजाला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ब्रेक मी सोडला नाही. आम्ही तसेच थांबलो. एक मिनिट गेलं. रस्त्यावरून काहीही आलं नाही. बस नाही, टेम्पो नाही, साधी सायकलसुद्धा नाही. माझी मलाच लाज वाटली.

“पास,” मागून आवाज आला.

“पण काही आलं नाही.”

“येतंच असं नाही,” ते म्हणाले आणि उतरून स्टूल गोळा करायला लागले.

आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा दावा मात्र कधीच नव्हता. एका गणेशोत्सवात आम्ही अकरा जण मंडळाच्या आरतीला बसने निघालो होतो. मध्येच सुभेदार उठले. ड्रायव्हर डोळे उघडे ठेवून झोपलाय, असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, मोदकांच्या डब्यांसकट. दुसरी बस येईपर्यंत उन्हात उभे राहिलो, पोचलो तेव्हा आरती संपून लोक प्रसाद खाऊन हात धूत होते. आमची आधीची बस सुखरूप शेवटच्या थांब्यावर गेली, हे सुभेदारांनीच दुसऱ्या दिवशी जाऊन कंडक्टरला विचारून आणलं आणि अकराही घरांत फिरून सांगितलं, “मी चुकलो.” माझ्या नवऱ्याने विचारलं, मग आता काय करणार? “पुन्हा वाटलं तर पुन्हा उतरणार,” ते म्हणाले. नवरा त्यानंतर त्यांच्याबरोबर बसमध्ये कधी बसला नाही.

मला त्यांचं शिकवणं स्कूटरबाहेर एकदाच लागलं. ऑफिसात नवे साहेब आले होते. बोलणं गोड, सगळ्यांची चौकशी करायचे. एका दुपारी म्हणाले, ग्रेटर नोएडात एक मीटिंग आहे, चलो, माझ्या गाडीतूनच जाऊ. यात वावगं काहीच नव्हतं. आदल्या आठवड्यात दुसरी एक जण गेलीही होती. पण त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि माझा पाय उचलेना. मी म्हणाले, “सर, मी कॅबने येते.” ते हसले, म्हणाले, अरे, इतनी फॉर्मॅलिटी? मी कॅबनेच गेले. ऑफिसात माझं नाव घमेंडी पडलं, दोन वर्षं तसंच राहिलं. साहेब पुढे बदलून गेले, त्यांच्याबद्दल वाईट मी कधी काही ऐकलं नाही.

“म्हणजे मी उगाचच…” मी सुभेदारांना म्हणाले.

“कळणार नाही तुला. वेळेवर थांबलं की पुढचं घडतच नाही. मग पुरावा कुठनं आणणार?”

तेव्हा मला वाटलं, याहून अवघड काही नसेल. आपण कुणाला तरी नको म्हणावं, लोकांनी आपल्याला वेडं म्हणावं आणि आपण बरोबर होतो की नाही ते कधीच कळू नये. पण नको म्हणायला साहेब तसे सोपेच होते. ते माझे कुणी नव्हते.

माझी मुलगी सुभेदारांच्या मांडीवर वाढली. ती त्यांना ‘फौजी आजोबा’ म्हणायची. बायकांना शिकवणं त्यांनी तोवर सोडलं होतं, वय पंचाहत्तरच्या पुढे गेलं होतं, स्कूटर मात्र सोडली नव्हती. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा तिचा चित्रकलेचा क्लास लागला, दोन सेक्टर पलीकडे. दर शनिवारी दुपारी ते तिला मागे बसवून न्यायचे आणि आणायचे. तो तासभर मला मोकळा मिळायचा आणि त्या दोघांना एकमेकांची सोबत. आठवड्याचा त्यांचा सगळ्यात चांगला तास तोच, असं त्यांची मुलगी म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी, थंडी नुकती सरलेली. दोन-तीन शनिवार मला काहीतरी खटकत होतं. काय ते सांगता येत नव्हतं. ते गाडी लावताना मान जरा जास्त वळवायचे. एकदा जिन्यापाशी शेजारच्या काकूंनी नमस्कार केला आणि यांनी केला नाही. मी स्वतःला म्हणत होते, ही काळजी आहे, आईची बडबड, गप बस. त्या शनिवारी ते आले, आणि गाडी फाटकाच्या डाव्या खांबाला इतकी घासून उभी केली की आरसा खांबाला टेकला. त्यांना ते कळलंच नाही. मुलीने हेल्मेट घातलं होतं, एक पाय फूटरेस्टवर ठेवून ती अर्धी वर चढली होती.

“आज ती येणार नाही,” मी म्हणाले.

“का? बरं नाही?”

मी हो म्हणू शकले असते. घसा दुखतोय, गृहपाठ राहिलाय, काहीही चाललं असतं. पण मग पुढचा शनिवार आला असता. आणि खोटं बोलले असते तर त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलंच असतं.

“मला भीती वाटते,” मी म्हणाले. “तुमच्या मागे तिला बसवायची.”

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. “माझ्या मागे?” ते म्हणाले. “तुला कुणी शिकवलं गं?” मग माझ्याकडे न बघता, परेडच्या आवाजात मुलीला म्हणाले, “बस बेटा. चलो.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिचे ते लाडके आजोबा, आणि मी आई. “उतर,” मी म्हणाले. ती उतरली आणि रडायला लागली. सुभेदारांनी गाडी चालू केली आणि निघून गेले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या मागे धावत जाऊन पाय धरावेत असंही वाटत होतं. मी चुकले असेन तर या माणसाचा आठवड्यातला एकुलता एक तास मी मुलीदेखत काढून घेतला होता.

ब्लॉकच्या वळणापाशी त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, परत येऊन दोन शब्द सुनावणार. ते उतरले. इंजिन बंद केलं आणि स्कूटर हाताने ढकलत घराकडे चालायला लागले.

मी मुलीला काकूंपाशी सोडलं आणि धावले. मागून सीट धरून ढकलायला लागले. अर्धा रस्ता आम्ही तसेच गेलो. मग ते थांबले.

“मागे नको,” ते म्हणाले. “माझ्या डाव्या बाजूला चल. तिकडचं मला दिसत नाही.”

“केव्हापासून?”

“दिवाळीपासून.”

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले. घर येईपर्यंत तिकडून जे जे येत होतं ते मी त्यांना सांगत राहिले.